दिवस बुडायच्या आत

अण्णा ताट वाजवायचे. काठाला पोचा आलेलं स्टीलचं जेवायचं ताट आणि एक पळी. उन्हाळ्यात ऊन कलायला लागलं की तलावावरून परतणाऱ्या म्हशींच्या मागोमाग हे ताट ऐकू यायचं. मग आमच्या गल्लीतल्या दहा-बारा घरांची दारं उघडायची. बायका झाकलेली पातेली घेऊन, मुलं पाण्याच्या बाटल्या घेऊन आणि पुरुष नुसतेच हात हलवत तलावाकडं निघायचे. कुणी मागं राहिलं तर अण्णा त्याच्या दारात जाऊन वाजवायचे. आमची आत्या दुपारची गोळी घेऊन झोपायची, तिच्या खिडकीखाली तर मुद्दाम.

"झोप काय, पावसाळ्यात बी हाय की! उनाळा हाय तवर माणसं हाईत. उठा!"

अण्णा गेले त्याला आता वर्ष होईल. कुणी त्यांची आठवण काढली की मी ताटाचं सांगते, खुर्च्यांचं सांगते. लोक हसतात. पुढचं सांगणं होत नाही.

आमची गल्ली कळंब्याच्या तलावाला जाऊन संपते. शेवटचं घर अण्णांचं. त्याच्यापुढं कमरेएवढी भिंत, मग पायवाट आणि मग पाणी. मे महिन्यात पाणी मागं सरतं, काठाची जमीन भेगाळते, पण वारा मात्र तसाच येतो. मूळचे ते गडहिंग्लजच्या पलीकडचे, सीमेवरच्या गावचे जैन. घरात कानडी, दारात मराठी. शेती भावाकडं, आणि यांचं कोल्हापुरात पाण्याच्या मोटारींचं दुकान. पुढं दुकान पुतण्याच्या हवाली करून ते घरी बसले. घरी बसले असं आपलं म्हणायचं. त्यांच्या बायकोच्या, आमच्या काकींच्या, शब्दांत सांगायचं तर, "दुकानात एक गल्ला हुता, आता सगळी गल्ली ताब्यात घेतल्यात."

अण्णा दिवस बुडाल्यावर अन्नाला शिवत नसत, पाणीही पीत नसत. त्यामुळं झालं असं, की दर रविवारी ज्या गल्लीत मटण शिजायचं ती सगळी गल्ली उन्हाळाभर सूर्य वर असतानाच रात्रीचं जेवायची. आख्खं कोल्हापूर तिथं सूर्यास्त बघायला यायचं आणि आम्ही मान खाली घालून भराभर घास गिळायचो, कारण अण्णा भिंतीवर हात टेकून उभे असायचे आणि मॅच संपत आल्यासारखे ओरडत असायचे. "टेकला... टेकला बघा... आवरा, बुडालाच!" रविवारी रस्सा आला की ते रांगेच्या टोकाला जायचे आणि वारं कुठून येतंय ते बघून बसायचे. "खावा, खावा. माझं काय न्हाय. पर हाडं तळ्यात टाकू नगा." त्यांना पाहुण्यासारखं कुणी वेगळं वाढलेलं मात्र चालत नसे. काकींच्या डब्यातली भाकरी आणि वरण्याची उसळ खात ते आमच्यातच असायचे.

त्या रांगेचंही सांगायला हवं. गावातली एक जुनी टॉकीज बंद पडली आणि तिथल्या खुर्च्या मोडीत निघाल्या. अण्णांनी टेम्पोत घालून दोन रांगा आणल्या. एकमेकींना जोडलेल्या, उठलं की बसायची फळी धाडकन मागं जाणाऱ्या, पाठीवर अजून नंबर असलेल्या. काकींनी कपाळावर हात मारला.

"आनि पिक्चर कुठला लावनार?"

"ह्यो काय समोर," अण्णा तलावाकडं हात करून म्हणाले.

खुर्च्या जोडलेल्या, त्यामुळं एक माणूस उठलं की सगळी रांग हलायची. माझ्या वडिलांच्या हातातला चहा कितीदा तरी सांडला. वडील म्हणायचे, खाली सिमेंट घालून पक्क्या करूया. अण्णांनी ऐकलं नाही. "हलू दे की. माणूस उठून गेलं हे कळाय नको का कुणाला?"

मोबाइलवर त्यांचा राग होता. जेवण झाल्यावर कुणी खाली मान घालून फोनमध्ये गेलं की अण्णा आपल्या फोनवरून त्याला फोन लावायचे. शेजारच्याच खुर्चीतला फोन वाजायचा. "हॅलो. मी बोलालोय. तुमच्या डाव्या बाजूला बसलोय. वळा की वाईच हिकडं." गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला तेव्हा त्यांना त्यात घेतलं, तर ते रोज एकच मेसेज टाकायचे, तोही कुणाकडून तरी लिहून घेऊन: "बाहेर या."

आणि पायवाटेनं जाणारं कुणीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. फिरायला आलेले म्हातारे, धावणारी मुलं, गळ टाकून बसलेले लोक. "ओ पावणं! फिरून कुठं जाणार? बसा की." एकदा एक तरुण जोडपं भिंतीच्या आडोशाला उभं होतं. अण्णांनी हाक मारल्यावर दोघंही पळायच्या बेतात होती. अण्णांनी त्यांना खुर्चीत बसवलं, हातात भेळ दिली आणि नाव विचारायला तोंड उघडणाऱ्या आमच्या आत्याला तिथंच गप्प केलं. त्यांचा नियमच होता: बसल्या माणसाला नाव, गाव, जात विचारायची नाही. "खाऊ दे की निवांत. सांगायचं आसंल तर सांगतील." गर्दी का जमलीय ते बघायला आलेला एक हवालदारही त्या खुर्चीत बसून कैरीची डाळ खाऊन गेला.

त्यांना मुलगी एकच. माझ्या वयाची, माझ्या वर्गातली, माझी मैत्रीण. आम्ही दोघी आधी एका सायकलवर आणि नंतर एका स्कूटरवर वाढलो. जग त्यांना अण्णा म्हणायचं, ती अप्पा म्हणायची, आणि ते तिला लाडानं 'अव्वा' म्हणायचे, आई. दिवसातून शंभरदा तिच्या नावानं हाका चालायच्या. काम काही नसायचं. ती आतून 'ओ' म्हणायची, यांचं समाधान व्हायचं.

नोकरीतल्या एका सहकाऱ्याशी लग्न करायचं तिनं ठरवलं. मुलगा दुसऱ्या समाजाचा. तिनं काही लपवलं नाही, पळून गेली नाही. संध्याकाळी खुर्च्या रिकाम्या झाल्यावर वडिलांशेजारी बसून सांगितलं. अण्णा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलली. "जेव आधी," एवढंच. महिने गेले, तरी "जेव आधी". शेवटी तिनं रजिस्टर लग्न केलं. काकींना येता आलं नाही. मी गेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्हाला वाटलं, आज काही ताट वाजत नाही. वाजलं, रोजच्यापेक्षा जोरात. आम्ही सगळे गेलो, खाली बघून जेवलो. अण्णांनी सगळ्यांना आग्रह केला. मुलीचं नाव मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि त्यानंतर आमच्यासमोर कधीच निघालं नाही. शिव्या नाहीत, शाप नाहीत. कुणी तिचा विषय काढला की ते उठायचे. सगळी रांग हलायची आणि विषय तिथंच थांबायचा.

एकदा माझ्या वडिलांनी मात्र सोडलं नाही. "अण्णा, रस्त्यानं जाणाऱ्याला तुम्ही हाक मारून बसवता. जात इचारू देत न्हाईसा. मग पोरीनं काय केलंय?"

अण्णा पाण्याकडं वळले. मग म्हणाले, "रस्त्यानं जाणारं माणूस मला सोडून गेल्यालं न्हाय."

त्यात समाज किती होता, भाऊबंदांची भीती किती होती आणि नुसतं दुखणं किती होतं, ते त्यांचं त्यांना तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

मुलगी गावातच होती, कसबा बावड्यात. स्कूटरवर अर्धा तास. मी बँकेत जायचे ती अगदी उलट्या बाजूला. तरी दर उन्हाळ्यात काकी माझ्या हातात एक पिशवी द्यायच्या. सांडगे, कुरडया, उडदाचे पापड. "तुझ्या वाटंवरच हाय न्हवं?" मी म्हणायचे, हो, वाटेवरच. एकदा ती पिशवी त्यांच्या दाराच्या कडीला अडकवलेली होती आणि मी घ्यायला गेले, तर अण्णा तिथं उभे. त्यांनी पिशवी काढली, हातात धरून वजन बघितल्यासारखी केली. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी ती पुन्हा कडीला अडकवली आणि आत जाऊन काकींना म्हणाले, "औंदा पापड कमी केल्यात वाटतं."

अशी काही वर्षं गेली. तिला मुलगी झाली. मग नवऱ्याची बदली नागपूरला झाली आणि निघण्याआधी ती आली. फोन नाही, निरोप नाही. मेमधली संध्याकाळ होती. सगळे जेवत होते, पॉटचं आईस्क्रीम फिरवायचं काम चाललं होतं. हे काम कायम अण्णांकडं, कारण आईस्क्रीम होईपर्यंत अंधार पडायचा आणि त्यांना ते खायचंच नसायचं. "मी खात न्हाय म्हणून नीट फिरवतो. खाणाऱ्यास्नी दम निघत न्हाय." तर त्यांचा हात दांड्यावर होता आणि पायवाटेनं ती आली. कडेवर मुलगी. भिंतीपलीकडं उभी राहिली.

सगळ्यांचे घास थांबले. काकी उठल्या, पण पुढं गेल्या नाहीत. सगळे अण्णांकडं बघत होते. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग त्या लहान मुलीकडं बघितलं. आणि रोज रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही म्हणत तसंच म्हणाले,

"पावणं, उभं का? बसा की."

तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. "अप्पा," ती म्हणाली, "मी पावणी न्हाय."

अण्णांनी मान वळवली. "आवरा," ते आम्हाला म्हणाले, "बुडालाच."

ती बसली नाही. काकी भाताची वाटी घेऊन भिंतीपाशी गेल्या आणि नातीला दोन घास भरवले. आजी भिंतीच्या अलीकडं, नात पलीकडं. "लांब चाललोय, आई. नागपूरला," तिनं सांगितलं. काकींनी मान हलवली. मग ती आली तशी गेली. अण्णा दांडा फिरवत राहिले. बर्फ संपला, आईस्क्रीम घट्ट झालं, दांडा फिरेना, तरी ते जोर लावत होते. शेवटी माझ्या वडिलांनी त्यांचा हात धरून बाजूला घेतला.

मी स्टेशनवर तिला सोडायला गेले होते. मी म्हटलं, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले गं तुझ्याशी. त्यांच्याच्यानं तेवढंच झालं असेल."

"रस्त्यावरच्या कुत्र्यालाबी ते तसंच बोलवतात," ती म्हणाली. "तुला काय वाटतंय ते तुझ्यापाशी ठेव."

पुढच्या थंडीत काकी आजारी पडल्या. पोटात दुखायचं ते त्या अंगावर काढत राहिल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं तोवर करण्यासारखं फार राहिलं नव्हतं. ती मुलीला घेऊन नागपूरहून आली आणि आमच्याकडं उतरली. दवाखान्यात बापलेकींनी पाळ्या लावून घेतल्या. एकमेकांशी बोलून नव्हे, माझ्यामार्फत. सकाळी अण्णा, दुपारनंतर ती. दोघांची गाठ पडू नये म्हणून मध्ये थोडा वेळ मोकळा ठेवलेला, आणि त्या वेळात मी. बँकेतून जेवणाच्या सुट्टीत यायचे, अण्णा जिना उतरायचे, मी बसायचे, ती आली की मी उठायचे.

काकींना ते कळत होतं. आधी त्यांनी अण्णांना सांगितलं, मग तिला. दोन्ही वेळा मी तिथं होते. "एकदा दोघं एकदम या की. एकदाच." अण्णा म्हणाले, "तू बरी हो आधी." ती म्हणाली, "त्यांना येऊ दे, मग मी येते." कुणी नाही म्हटलं नाही. उद्या होईल, असंच दोघांना वाटत असणार.

काकी गेल्या त्या मधल्या वेळात. अण्णा नुकतेच जिना उतरले होते, ती अजून रिक्षात होती. काकींनी पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं. "कोन हाय?" त्यांनी विचारलं. मी माझं नाव सांगितलं. "बरं," त्या म्हणाल्या. त्यानंतर श्वास लांब होत गेले आणि मग पुढचा आलाच नाही. नर्स धावत आली. मी हात धरून बसले होते, तो खरं तर दुसऱ्याच कुणीतरी धरायचा हात होता.

ती डबा घेऊन आली. मागोमाग, खालून कुणीतरी बोलावून आणलेले अण्णा आले. पलंगाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते. ज्यासाठी काकी इतकं म्हणत होत्या ते झालं होतं. अण्णांनी तोंड उघडलं. ती त्यांच्याकडं बघत होती. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, "गाडीचं बघाय पायजे."

दिवसपाणी होईपर्यंत ती आमच्या घरी राहिली. चार घरं सोडून तिचं घर होतं. माझी आई जाऊन अण्णांना म्हणाली, "लेकीला घरात बोलवा की आता." अण्णा म्हणाले, "तुमच्यात हाय, बरं हाय." ती नागपूरला गेली.

त्या उन्हाळ्यात ताट वाजलं नाही. लोक संध्याकाळी दारापर्यंत यायचे, तलावाकडं बघायचे आणि आत जायचे. आम्ही टीव्हीसमोर जेवायला लागलो, आठ वाजता, नऊ वाजता, कधीही. ग्रुपवर कुणीतरी जुने फोटो टाकायचं आणि खाली सगळे हात जोडायचे. शेवटी माझ्या वडिलांनाच राहवेना. त्यांनी अण्णांच्या स्वयंपाकघरातून ते ताट आणलं आणि एका संध्याकाळी वाजवलं. लोक आले, खूप आले. अण्णाही येऊन बसले. त्यांच्या पुढ्यात कुणीकुणी काही ठेवलं, ते त्यांनी तसंच ठेवलं. सूर्य खाली गेला, कुणीही ओरडलं नाही. "बरं केलासा," ते वडिलांना म्हणाले आणि उठले. रांग हलली.

त्यानंतर दोन दिवसांनी आमच्या दारात त्यांच्या घराची किल्ली अडकवलेली मिळाली. अण्णा नव्हते. पुतण्याला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. आठवडाभरानं परत आले तेव्हा आम्ही विचारलं, "कुठं गेलतासा?"

"नागपूरला."

"कसं हाय तिकडं?"

"ऊन लई हाय," अण्णा म्हणाले, आणि किल्ली घेऊन घरात गेले.

पावसाळ्यात ते गेले. झोपेतच. ती आली, नवरा आला, मुलगी आली. सगळं उरकल्यावर घर बंद करायचं होतं. मी मदतीला गेले. ती काकींची भांडी पोत्यात भरत होती, मी एकेक कागदात गुंडाळून देत होते. नवरा मुलीला घेऊन बाहेर होता. मी न विचारताच ती बोलायला लागली.

"अप्पा आले तेव्हा मी ऑफिसात होते गं. ह्यानं दार उघडलं. फोटोतसुद्धा कधी नीट बघितलं नव्हतं एकमेकांना. अप्पा म्हणाले, 'कोल्हापूरहून आलोय.' तेवढ्यावर ह्याला कळलं. मी घरी आले तर दोघं समोरासमोर बसलेले, मधे पोरगी आंबा खात होती, आणि अप्पा तिच्या कोपराला आलेला रस पुसत होते. मी सरळ आत गेले आणि ओटा पुसायला लागले. स्वच्छ होता ओटा. तरी पुसत बसले. आणि बाहेरून त्यांनी हाक मारली. नावानं."

तिच्या हातात तांब्या होता, तो तिनं पोत्यात घातला, पुन्हा काढला.

"मी ओ दिली नाही. देता आली नाही. आई आठवली, दवाखाना आठवला. ती भिंत आठवली. त्यांनी पुन्हा मारली नाही हाक. दुसऱ्या दिवशी एकदा मारली. तिसऱ्या दिवशी एकदा. रोज एकदाच. काम काही नाही, पाणी नको, चहा नको. मी ऐकायची आणि गप्प बसायची. ते बाहेर, मी आत. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी पुन्हा हाक आली. मी बाहेर गेले, दारात उभी राहिले आणि म्हटलं, 'काय?'"

"मग?"

"'काय न्हाय,' म्हणाले. पेपर वाचत होते, तो पुन्हा तोंडापुढं धरला. मला चेहरा दिसला नाही. मग आत जाऊन त्यांच्या वाटेसाठी भाकरी करायला घेतल्या. सकाळची गाडी होती."